पथ्याचा ट्रे

दि. ९ जानेवारी

चि. लंबू,

आशीर्वाद. तुला हवे असोत वा नसोत, थोरल्या बहिणीच्या पत्रात ते यायचेच.

दचकू नकोस. रुमालाखाली कागद सापडला म्हणून ट्रे चुकून दुसऱ्याचा आलाय असं समजू नकोस. ट्रे तुझाच आहे आणि भरलाय मी. मी अजून त्याच किचनमध्ये आहे, विमानतळाच्या कुंपणालगत, जिथे विमानांचं जेवण शिजतं. फक्त आता शेगडीपासून सुटले आणि थंड खोलीत आले. गेल्या वर्षापासून पथ्याचं टेबल माझ्याकडे आहे. कुणाला साखर नको, कुणाला दूध नको, कुणाला मीठ नको, असे सगळे नखरे माझ्याकडे येतात. प्रत्येक ट्रेवर प्रवाशाचं नाव आणि सीटचा नंबर असलेलं लेबल लावायचं, की झालं. काल लेबलं लावता लावता तुझं नाव हातात आलं. बिनमिठाचं जेवण, खिडकीची सीट. आधी वाटलं, दुसरा कुणी असेल. पण तुझं नाव, बाबांचं नाव आणि आपलं आडनाव असं ओळीने लावणारा माणूस जगात एकच आहे. हातमोजे काढून मी ते लेबल पुन्हा वाचलं. सुपरवायझर विचारत होता, काय झालं. म्हटलं, काही नाही, डोळ्यात थंडी गेली.

आई गेली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी पोहोचलास आणि मी चार माणसांत म्हणाले, पाहुण्यासारखा आलास. तू आल्या पावली परत गेलास, फोनचा नंबर बदललास, घर बदललंस. मी बोलले ते बोलले. त्याबद्दल हे पत्र नाही. हे पत्र मिठाबद्दल आहे.

तुला बिनमिठाचं जेवण कशाला लागावं हे मला आधी कळेना. मग तुझा शाळासोबती आठवला, तो टायरवाला. मागे बाजारात भेटला होता तेव्हा सांगत होता की लंबू छपाईची यंत्रं दुरुस्त करत जगभर फिरतो आणि उतरतो तेव्हा पाय असे सुजलेले असतात की बूट पिशवीत आणि हा चपला घालून बाहेर. त्याला हसू येत होतं. मला नाही आलं. तेवढ्या उंचीचा माणूस तेवढ्याशा जागेत दुमडून ठेवला तर पायांचं काय होणार? पण नुसत्या बसण्याने एवढं होत नाही, त्यात आमचाही हात आहे. आतली गोष्ट सांगते. विमान वर गेलं की हवा कोरडी होते, कानात सतत घरघर असते आणि जीभ मठ्ठ होते. इथे चाखलेली चांगली भाजी तिथे पुठ्ठ्यासारखी लागते. म्हणून मोठा आचारी प्रत्येक गोष्टीत मीठ वाढवतो. सूपमध्ये, भातात, ब्रेडमध्ये, एवढंच काय, गोडातसुद्धा. वर बसलेल्याला कळत नाही, पण पायांना कळतं. मीठ पाणी धरून ठेवतं आणि पाणी उताराला जातं.

तेव्हा ऐक. ट्रेमध्ये मी दिलंय तेवढंच खा. खारे दाणे वाटायला येतील, ते हातात घेऊ नकोस. टोमॅटोचा रस तर अजिबात नको, त्यात मिठाचा कारखाना असतो. फसफसणारं काही पिऊ नकोस, दारू तर नकोच. साधं पाणी पी, थोडं थोडं, सारखं. काकडी मी जास्त ठेवली आहे. केळंही आहे, ते आवडत नाही म्हणून परत पाठवलंस तर मला कळेल, कारण उष्टे ट्रे परत इथेच धुवायला येतात.

उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी,
ताई

&nbsp;

दि. ३० जानेवारी

चि. लंबू,

आशीर्वाद आहेतच.

अपेक्षा नाही असं लिहिलं होतं, पण धुण्याच्या खात्यातल्या मावशींना सांगून ठेवलं होतं की त्या विमानाचा गाडा परत आला की त्या सीटचा ट्रे बाजूला काढा. त्यांनी काढला. कपाखाली चिठ्ठी होती. "सूज कमी. बूट पायात गेला." बस्स. ना ताई, ना तुझा, ना काही. तार करणारेही याहून जास्त लिहायचे. पण अक्षर तुझंच, उजवीकडे कललेलं. मी ती चिठ्ठी मावशींना वाचून दाखवली आणि त्या म्हणाल्या, बाई, रडताय कशाला, बूट गेला ही चांगलीच गोष्ट आहे की.

बघितलंस ना? मी सांगत होते. औषधं नाहीत, पट्ट्या नाहीत, नुसतं मीठ काढलं आणि फरक पडला. केळंही खाल्लंस, साल आली होती.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तू आणखी काहीतरी लिहून खोडलंयस. उजेडात धरून वाचलं. पाणी कमी पितोस, कारण बाजूच्याला उठवून बाहेर जायला संकोच वाटतो. अरे शहाण्या, संकोच कसला? तिकीट काढलंयस ना? लहानपणी मला झोपेतून उठवून पाणी मागायचास तेव्हा कुठे गेला होता संकोच? बाजूच्याला उठव, पाणी पी. आणि बसल्या बसल्या पाय चोळत जा. पोटरीपासून वरच्या दिशेने, जरा जोर लावून. आईचे पाय दुखायचे तेव्हा मी तसेच चोळायचे.

येतानाच्या विमानाची मला काळजी वाटते. ते जेवण तिकडच्या किचनमधून भरतात आणि त्यांचा हात मिठाला फार सैल. तिथे बिनमिठाचं लेबल लावून काय देतील याचा भरवसा नाही. येताना फक्त फळं आणि दही खात जा, उपाशी राहिलास तरी हरकत नाही, घरी आल्यावर जेव.

इकडची खबर म्हणजे, थंड खोलीत उभं राहून माझे गुडघे धरतात, मोज्यांवर मोजे घालते. सुपरवायझरला कागदाचं कळलंय असं वाटतं, पण तो बघून न बघितल्यासारखं करतो. भला माणूस आहे. घरी सगळं जागच्या जागी आहे. तुझी खोलीसुद्धा. झाडते मी ती, दुसरं काय करणार.

पुढचं लेबल कधी येतंय ते बघते.

तुझी,
ताई

&nbsp;

दि. २० फेब्रुवारी

चि. लंबू,

आशीर्वाद, आणि या खेपेला वर शाबासकीही.

तुझी दुसरी चिठ्ठी आली. "उजवा पाय अगदी नीट. डावा अजून तसाच आहे, जरा जास्तच." अरे, म्हणजे निम्मं काम फत्ते. मी थंड खोलीत सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ एका पायाने बरा झाला. सलाड कापणाऱ्या पोरी हसून हसून बेजार. मोठ्या आचाऱ्यालाही टोमणा मारून घेतला, म्हटलं, तुमचं मीठ काढलं आणि माणसाचा पाय परत मिळाला. तो चिडलाय, चिडू दे.

आता डाव्या पायाचं बघू. तो हट्टी आहे. तूही डावखुराच ना, सगळा हट्ट त्या बाजूला गेलेला दिसतोय. या ट्रेमध्ये मी भातही काढून टाकला आहे. उकडलेला बटाटा आहे, दुधी आहे, दोन केळी आहेत. आणि डावा पाय जास्त वेळ चोळ. दुखला तरी चोळ.

आमची डॉक्टरीणबाई मध्येच टपकली. आठवड्यातून एकदा येते, आमची नखं बघते, घसा बघते, कुणाला खोकला असला तर घरी पाठवते. मी लंबूचा विनोद सांगत होते तेव्हा ती मागे उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, एकच पाय? मी म्हटलं, हो, दुसरा बरा झाला ना. मग तिने विचारलं की पोटरी दुखते का, हाताला गरम लागते का. म्हटलं, मला काय माहीत, मी त्याला बघितलेलं नाही. विचारून सांगते. तिला काय, सगळीकडे रोगच दिसतो. मागे मला नुसती शिंक आली तर तिने मला घरी बसवलं होतं. तर, दुखते का पोटरी? सवडीने कळव. तशी घाई नाही.

दुसरं म्हणजे मागच्या खोलीचं दार आता नीट लागतं, सुताराला बोलावून तासून घेतलं. कपाटातले तुझे लोकरीचे कपडे उन्हात घातले. ते सगळे आता तुला तोकडे होतील की नाही कोण जाणे. तू जाड झालायस का? टायरवाला काही नीट सांगत नाही.

एक सांगू? तुझं लेबल येणार असलं की मी घरून लवकर निघते. ज्या आठवड्यात येत नाही तो आठवडा मेला जाता जात नाही. माझ्या टेबलावर रोज कितीतरी नावं येतात, त्यातलं एकही माणूस मी बघितलेलं नाही आणि बघायची इच्छाही नाही. तुझं नाव आलं की मात्र वाटतं, आज जेवायला घरचं माणूस आहे. हे बोलले नसते. लिहायला बरं पडतं.

जप.

तुझी,
ताई

&nbsp;

दि. १४ मार्च

लंबू,

आशीर्वाद नंतर. आधी हे कर. विमान अजून जमिनीवर असेल तर उठ आणि खाली उतर. सामान राहू दे. हवाईसुंदरीला सांग, मला डाव्या पायात रक्ताची गुठळी असण्याची शक्यता आहे, डॉक्टरने उतरायला सांगितलंय. अगदी हेच शब्द सांग. नुसतं पाय दुखतो म्हणालास तर ती तुला उशी आणून देईल.

का ते सांगते, म्हणजे ही थोरलीची नेहमीची अरेरावी असं समजून तू बसून राहायचा नाहीस.

तुझी तिसरी चिठ्ठी मला आज मिळाली. उष्ट्या ट्रेंचा गाडा चुकून दुसऱ्या विमानात चढला आणि कुठे कुठे फिरून आज आमच्या धुण्यात आला. मावशींनी ओल्या हाताने चिठ्ठी आणून दिली. तू लिहिलंयस, "ताई, पोटरी घट्ट आणि गरम आहे, हात लावला की कळ येते. तू म्हणतेस तशी चोळतो. जिना चढताना हल्ली दम लागतो, वय झालं बहुतेक. पुढच्या खेपेहून परतलो की सुट्टी आहे. घरी येतो. मीठ घातलेलं जेवायला दे."

ताई लिहिलंयस. मी आधी तेवढंच वाचत बसले. खरं तेच सांगते, पोटरीचं वाक्य मी नंतर वाचलं.

डॉक्टरीणबाई आजच आली होती, मुलींची नखं बघत होती. तिच्या हातात चिठ्ठी दिली. ती म्हणाली, मिठाची सूज दोन्ही पायांना येते आणि उतरते. एकाच पायात राहिली, पोटरी गरम झाली, म्हणजे आत रक्त गोठलेलं असू शकतं. तासन् तास पाय दुमडून बसणं आणि पाणी न पिणं, दोन्हींनी ते होतं. त्यातला तुकडा सुटून छातीत गेला की माणूस बोलता बोलता जातो. दम लागतो म्हणजे कदाचित थोडं सुटलंही असेल. मग तिने विचारलं, चोळायला कुणी सांगितलं?

पाय चोळू नकोस. मी सांगितलं होतं ते चूक होतं. डाव्या पायाला हातसुद्धा लावू नकोस.

तिने पुढे विचारलं की पुढचा प्रवास कधी आहे. तुझा ट्रे माझ्यासमोरच होता, लेबल लावलेला.

आता जे मी लिहिलं नव्हतं ते. मागच्या पत्रात तिचं म्हणणं मी अर्धंच लिहिलं. ती म्हणाली होती, "त्याला आजच्या आज दवाखान्यात पाठवा आणि तपासणी होईपर्यंत विमानात बसू देऊ नका." ते वाक्य मी गाळलं. सवडीने कळव असं लिहिलं. घाई नाही असं लिहिलं. विसरले नव्हते. लिहायला पेनही टेकवलं होतं. पण मनात आलं की याचं फिरणं बंद झालं तर लेबल यायचं नाही, ट्रे जायचा नाही, मग मी याला कुठे शोधू? तुझा नंबर माझ्याकडे नाही, घर माहीत नाही. तुझ्यापर्यंत पोचायला माझ्याकडे एक ट्रेच होता. वाटलं, एवढी एक खेप जाऊ दे, ओळख जरा रुळू दे, मग सांगू. पाय काय, आज ना उद्या उतरेल. स्वतःला पटवलं मी तसं. मिठाने एक पाय बरा झाला म्हणून मला वाटायला लागलं की तुझ्या अंगातलं सगळंच मला कळतं.

विमानतळावर फोन केला होता. तिथल्या मुलीने विचारलं, प्रवाशाने स्वतः काही तक्रार केली आहे का. म्हटलं, त्याला माहीतच नाही. ती म्हणाली, बघते, गेटवर निरोप देते. तिच्या आवाजावरून वाटलं, तिने तो कुठेतरी टिपून ठेवला असेल आणि झालं. टायरवाल्याकडून नाव काढून तुझ्या कंपनीतही फोन लावला, हे आधी सुचलं नव्हतं. तिथले लोक म्हणाले, तुमचे भाऊ मघाशीच विमानतळात गेले, फोन बंद येतोय. मला कुंपणाच्या आत सोडत नाहीत. आत जाते ती फक्त जेवणाची गाडी. म्हणून हे पत्र या वेळी रुमालाखाली नाही. गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे. तो ते विमानाच्या दारातच हवाईसुंदऱ्यांच्या मुख्य बाईंच्या हातात देणार आहे. पाकिटावर तुझा सीट नंबर लिहिलाय, खाली डॉक्टरीणबाईने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून सही केली आहे. त्या बाईंनी हे उघडून वाचलं तरी चालेल. बाई, वाचत असाल तर त्याला उतरवा. तो लाजरा आहे, काही होत नाही म्हणेल. ऐकू नका त्याचं.

आणि विमान उडालेलं असेल, तर घाबरू नकोस आणि झोपू नकोस. आत्ताच त्यांना सांग, ते विमानात कुणी डॉक्टर आहे का विचारतील. पाणी पी. श्वास कोंडला, छातीत दुखलं, खोकल्यात रक्त दिसलं तर क्षणभरही थांबायचं नाही, त्यांच्याकडे ऑक्सिजन असतो. संकोच करायचा नाही. बाजूच्याला वाटेल ते वाटू दे.

ट्रेमधलं खा किंवा नको खाऊस. त्याने आता काही होणार नाही.

ड्रायव्हर गाडी सुरू करून बसलाय. मला आणखी खूप लिहायचं होतं, आईचं, त्या दिवसाचं, पण ते राहू दे. तू घरी येऊ नकोस, चालेल. मी काय केलं ते वाचून पुन्हा बोलणं टाकलंस, जन्मभर टाकलंस, तरी चालेल. मला चिठ्ठी नको. फक्त उतर रे.

तू उतरलास हे कुणीतरी येऊन सांगेपर्यंत फाटकाशी उभी असलेली,
तुझी ताई